रिस्टोअर केलेल्या गाडीचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतायत? जुने बोल्ट भंगारात टाकण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडली, चॅसी ब्लास्ट करून पावडर कोट केली, डबाभर गंजके नट-बोल्ट निघाले ते भंगारात गेले आणि त्यांच्या जागी चकचकीत नवा माल बसला. दोन-तीनशे किलोमीटर होतात न होतात तोच स्प्रिंगला चॅसीशी जोडणाऱ्या शॅकलमधून नाहीतर शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बुडातून खटखट सुरू. बोल्ट कसला, आवाज गेला, पंधरवड्यात परत आला. मग आटे चिकटवून धरणाऱ्या थ्रेडलॉकची बाटली, मग डबल नट, मग पान्याला पाइप लावून कसणं. शेवटी आटे जातात किंवा बोल्टची मान तुटते, आणि सगळा दोष "गाडीच जुनी हो" म्हणून गाडीच्या वयावर ढकलला जातो.

माझं मत वेगळं आहे. असे बहुतेक बोल्ट सैल होतात ते जुन्याच्या जागी काय आलं आणि त्याच्याखाली काय राहिलं यामुळे. कारखान्यातून आलेला मूळ बोल्ट चाळीस-पन्नास वर्षं जिथे घट्ट बसला होता, तिथे नवा महिनाभर टिकत नसेल तर आधी नव्याची झडती घ्यायची.

रंगाचा थर आधी बघा

हे पहिलं, कारण सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं आणि सगळ्यात कमी लोक तिकडे बघतात.

कसलेला बोल्ट ताणलेला असतो. तो परत आखडायला बघतो, म्हणून दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. हा ताण किती? १० मिमीचा, ८.८ ग्रेडचा (ही ताकदीची खूण, पुढे सांगतो) बोल्ट घ्या, पकड, म्हणजे डोकं आणि नट यांच्यामध्ये दाबली जाणारी जाडी, ४० मिमीची धरा. नीट कसला तर तो जेमतेम ०.०९ मिमी लांबतो. सांध्याचा सगळा दाब या एवढ्याशा लांबण्यावर उभा असतो. आता पावडर कोट बघा. एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना कोट, चॅसीच्या दोन्ही बाजूंना कोट, म्हणजे एका सांध्यात चार थर आणि मिळून पाव मिमीच्या पुढे प्लॅस्टिक. इंजिनची उष्णता आणि रस्त्याचे हादरे मिळाले की हा थर हळूहळू दबतो, बाजूला सरकतो. तो फक्त ०.०५ मिमी दबला तरी निम्म्याहून जास्त ताण गेला. नट तसूभरही फिरलेला नसतो, तरी बोल्ट सैल.

लहान पकडीचे बोल्ट याला जास्त बळी पडतात. पकड १० मिमीची असेल तर त्याच हिशेबाने बोल्ट ०.०२ मिमीच लांबतो, म्हणजे रंगाचा एक थरही तो सगळा खाऊन टाकतो. पत्र्याच्या पातळ ब्रॅकेटांवरचे बोल्ट सारखे का ढिले होतात त्याचं उत्तर बरंचसं यातच आहे.

ओळखायचं कसं? संशयाचा बोल्ट खोला आणि वायसरखालची जागा बॅटरीच्या उजेडात तिरकी धरून बघा. वायसरच्या आकाराचा खड्डा पडलेला दिसेल, कडेला रंगाची बारीक वळी वर आलेली असेल, कधीकधी ती नखाने निघते. असं दिसलं की थ्रेडलॉक विसरा. वायसरच्या व्यासाएवढा गोल भाग दोन्ही बाजूंनी नागड्या धातूपर्यंत साफ करा, सांध्याच्या आतल्या तोंडावरचाही कोट काढा, प्रायमरचा अगदी पातळ हात द्या आणि कसून झाल्यावर बाहेरून मेण किंवा कॅव्हिटी वॅक्स मारा. कोटिंगला भाग देण्याआधीच तिथे गोल टेप लावायला सांगितलं तर हा उपद्व्याप वाचतो. कोटिंगवाले हे स्वतःहून करत नाहीत, त्यांना भाग गुळगुळीत दिसला की झालं.

आटे जुळतात की नुसते बसतात?

दुसरा मोठा घोटाळा आट्यांचा. जुन्या गाड्यांत किमान चार कुळं भेटतात आणि वरवर ती सारखीच दिसतात. व्हिटवर्थ सगळ्यात जुनं, जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेलं, आट्याचा कोन ५५ अंश. बीएसएफ त्याचंच बारीक आट्यांचं भावंड, कोन तोच. यूएनसी (जाड आट्यांचं) आणि यूएनएफ (बारीक आट्यांचं) ही १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून ठरवलेली कुळं, कोन ६० अंश. मेट्रिकचा कोनही ६०. शिवाय जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये बीए नावाची बारकी जात असते, तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंश.

यात सगळ्यात फसवी जोडी व्हिटवर्थ आणि यूएनसीची. १/४ इंचाला दोन्हीकडे इंचात २० आटे, ५/१६ ला १८, ३/८ ला १६. नट अगदी आरामात शेवटपर्यंत जातो. पण एकाचा कोन ५५ आणि दुसऱ्याचा ६०, त्यामुळे आट्याची पूर्ण बाजू टेकत नाही, एका रेषेवर भार येतो. ती रेष हळूहळू बसते आणि ताण जातो. अर्ध्या इंचाला मात्र हे लगेच कळतं, कारण व्हिटवर्थचे १२ आटे आणि यूएनसीचे १३. नट दोन फेऱ्यांत अडतो.

अडणाऱ्या जोड्या तशा परवडल्या, कारण निदान बोंब तरी मारतात. बीएसएफ ५/१६ ला इंचात २२ आटे, यूएनएफ ५/१६ ला २४. तीन-चार आटे हाताने जातील, पुढे जड होईल. इथे पान्याने रेटलं की बोल्टचे नाहीतर नटचे आटे पिळले जातात आणि टॉर्क पाना मात्र "झालं बुवा" म्हणून टिक करतो. आटे चिरडायला लागलेली ताकद त्याने ताण म्हणून मोजलेली असते.

एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टी मालिकेतल्या गाड्यांच्या एक्सपीएजी इंजिनवर काम करणाऱ्यांना आणखी एक गंमत माहीत असते. या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला, त्याचा हा वारसा. डोकं बघून बीएसएफ समजून नवा बोल्ट आणायचा, तो ८ मिमी, १ मिमी पिचच्या (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) भोकात घालायचा, आणि मग ब्लॉकचे आटे गेले म्हणून रडायचं. अशा इंजिनाचा मूळ बोल्ट सोन्याच्या मोलाचा समजा, कारण त्याच्या जोडीचा बोल्ट सहज मिळत नाही.

म्हणून नियम असा की नट हाताने, दोन बोटांनी, पूर्ण लांबी जायला हवा. नाही गेला तर पिच गेज लावा, व्हर्निअरने व्यास मोजा, मगच पुढे जा. पिच गेज ५५ आणि ६० अंशांचे वेगळे असतात. गेजचं पातं आट्यात बसवून मागे उजेड धरा. कोन चुकला असेल तर आट्याच्या बुडाशी किंवा शेंड्याशी उजेडाची चीर दिसते.

यूएन कुळातले ब्रिटिश बोल्ट ओळखायला एक सोपी खूण आहे. डोक्यावर गोल खोलगट भाग असतो, किंवा डोक्यावर अथवा बाजूला एकमेकांना चिकटलेली तीन छोटी वर्तुळं कोरलेली असतात.

पान्याचंही इथेच सांगून टाकतो. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या व्यासाचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. १/४ व्हिटवर्थचा पाना ०.५२५ इंच रुंद, म्हणजे १३.३ मिमी. तिथे १३ चा पाना जात नाही आणि १४ चा डुलतो. अर्धा इंच एएफ (डोक्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधली रुंदी) म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ ची गोटी (सॉकेट) बसते खरी, पण कोपरे खाते. जुन्या बोल्टची डोकी गोल झालेली दिसतात ती सहसा अशा उसन्या पान्यांनी. सहा कोनांची गोटी वापरा, बारा कोनांची नको.

मूळ बोल्टमध्ये असं काय असतं

आता डब्यातला एक मूळ बोल्ट बाहेर काढा आणि शेजारी नवा ठेवा. मला हा खेळ आवडतो, कारण फरक डोळ्यांनी दिसतो.

पहिली गोष्ट, बोल्टचा आटे नसलेला भाग, शँक. मूळ बोल्टची शँक बहुतेक वेळा नेमकी तेवढीच लांब असते जेवढी ब्रॅकेट आणि चॅसीची मिळून जाडी. म्हणजे दोन भाग जिथे एकमेकांवर सरकू बघतात, तिथे गुळगुळीत, पूर्ण व्यासाचा भाग येतो. नवीन म्हणून बसवलेला बोल्ट बऱ्याचदा डोक्यापर्यंत आटे असलेला असतो. मग भोकाच्या कडेवर आटे टेकतात. आट्यांच्या बुडाशी व्यास कमी, त्यामुळे बोल्ट कमजोर पडतो, आणि आटे कानशीसारखे भोक घासून लांबट करतात. शॅकलचा बोल्ट पूर्ण आट्यांचा लावला असेल तर खटखटीचं कारण सापडलं समजा.

दुसरी गोष्ट, आटे कसे बनलेत. चांगल्या मूळ बोल्टचे आटे रोल केलेले असतात, म्हणजे साच्यांमध्ये दाबून उठवलेले. धातूचा कण तुटत नाही, आट्याच्या आकारात वळतो, आणि आट्याच्या बुडाशी दाबाचा ताण राहतो जो थकव्याने पडणारी चीर रोखतो. लेथवर किंवा डायने कापलेल्या आट्यांत हे नसतं. रोल केलेला आटा भिंगातून चकचकीत, घोटलेला दिसतो. कापलेल्यावर हत्याराच्या बारीक रेषा दिसतात.

तिसरी गोष्ट डोक्यावरची खूण. मेट्रिकला ८.८, १०.९ असे आकडे, ८.८ म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा लांबायला लागतो. अमेरिकन बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, जो ८.८ च्या जवळपास; सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. जुन्या ब्रिटिश बोल्टांवर आर, एस, टी, व्ही अशी अक्षरं सापडतात: आर ४५ टन प्रति चौरस इंचाचा, एस ५०, टी ५५, व्ही ६५. महायुद्धाआधीच्या अनेक बोल्टांवर काहीच नसतं, आणि म्हणून ते मऊ असतात असं मुळीच नाही. शंका असेल तर बोल्टच्या टोकावर हार्डनेस तपासून घ्या. ८.८ ग्रेडच्या १६ मिमीपर्यंतच्या बोल्टची रॉकवेल सी मोजमापात कठीणता २२ ते ३२ मध्ये असते. त्याच्या आसपास आकडा आला तर तुमच्या बिनखुणेच्या बोल्टला नावं ठेवायचं कारण नाही.

उलट नव्या मालावर काहीच खूण नसेल तर तो स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनजवळ फिरकूही देऊ नका. स्टेनलेसही तिथे नको. नेहमी मिळणारा ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कलला लांबायला लागतो, ८.८ च्या ६४० पुढे तो कुठेच नाही. वर कसताना त्याचे आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. नंबर प्लेट, मडगार्डचे कडेचे बोल्ट, तिथे लावा हवं तर. आणि "घ्या सगळीकडे १२.९" हाही इलाज नव्हे. इतका कडक बोल्ट खाच आणि गंज सहन करत नाही, आणि कास्ट आयर्नच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात तो समोरचे आटे आधी उखडतो.

खुणांचं महत्त्व ताकदीपुरतं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या फोर्ड जीपीडब्ल्यू जीपच्या बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचं वळणदार एफ अक्षर असतं. तीच जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीची आणि फोर्डची जीप शेजारी ठेवल्या तर फरक सांगणाऱ्या खुणांत हे एफ अक्षर येतं, आणि रिस्टोअर करणारे एकेका एफ बोल्टसाठी वणवण करतात. तो डबा भंगारात देणाऱ्याला काय म्हणावं!

कोणते मात्र टाकायचेच

जुनं ते सगळं सोनं नाही. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, लांबी मोजून खात्री करता येत नसेल तर बदला. शँक गंजून खाल्ली असेल तर व्हर्निअर लावा: ८ मिमीची ७.६ झाली म्हणजे वरवर किरकोळ वाटतं, पण धातू दहा टक्क्यांनी कमी झालाय. नवा नट बोल्टवर हाताने फिरवत न्या. मधेच एका जागी जड होऊन पुढे पुन्हा हलका होत असेल तर तिथे बोल्ट ताणला गेलाय. पहिल्या आट्यापाशी कंबर बारीक झालेली दिसली तरी तेच. स्टिअरिंग आणि ब्रेकच्या बोल्टांवर डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून चीर बघणं फार कष्टाचं नाही. स्प्लिट पिना, टॅब वायसर, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट दर वेळी नवे. नायलॉक साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे निकामी, म्हणून एक्झॉस्टजवळ तो नकोच. तिथे पितळी नट किंवा तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी नट.

साफ करताना होणारं नुकसान

मूळ बोल्ट ठेवायचा ठरवला की लोक त्याला अ‍ॅसिडात टाकतात. साध्या बोल्टला चालतं, १०.९ आणि वरच्या कडक बोल्टला नाही. अ‍ॅसिडात आणि इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट कसल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असताना, डोकं टपकन तुटून पडतं. कडक बोल्ट प्लेट करायचेच असतील तर प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर भट्टीत ठेवणाऱ्याकडेच द्या. आणि विचारा. "करतो हो" एवढ्यावर समाधान मानू नका.

वॉशिंग सोड्याच्या इलेक्ट्रोलिसिसमध्ये दुसऱ्या टोकाला साधं पोलाद लावा, स्टेनलेस कधीच नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जुन्या बोल्टवर पिवळसर-सोनेरी झाक असेल तर ते बहुधा कॅडमियम. त्याला कोरडा वायर ब्रश लावू नका, गॅसने तापवू नका. धूर आणि धूळ दोन्ही घातक.

प्लेटिंगने जाडीही वाढते. ६० अंशांच्या आट्यावर ८ मायक्रॉनचा थर चढला तर आट्याचा परिणामी व्यास चौपट, म्हणजे ३२ मायक्रॉनने वाढतो. नट आधी जात होता आणि आता अडतोय, कारण हे. त्याला टॅप घालून धातू कापू नका, जाड थर काढून पुन्हा पातळ प्लेटिंग करून घ्या. भोकातले आटे साफ करायलाही टॅपपेक्षा थ्रेड चेसर (धातू न कापता आटे साफ करणारं हत्यार) बरा. तो नसेल तर त्याच आट्यांच्या जुन्या बोल्टला बाजूने दोन-तीन उभ्या खाचा पाडा आणि तेल लावून फिरवा.

कसताना

पान्यावर तुम्ही लावलेल्या ताकदीतला साधारण दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो. निम्मी डोक्याखालच्या घर्षणात, उरलेली आट्यांच्या. म्हणून तेल लावलं की तोच टॉर्क (पान्याने दिलेला पीळ) बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की तेल लावलेल्या, हे आधी वाचा. कॅडमियमचा मूळ बोल्ट झिंकच्या नव्यापेक्षा निसरडा असतो, त्यामुळे एकाच टॉर्कला दोघांचा ताण सारखा येत नाही.

स्प्रिंग वायसरवर फार भरवसा ठेवू नका. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला आडवे हादरे बसून सांधा सरकला की नट आपोआप उलटा फिरतो. स्प्रिंग वायसर त्याला रोखत नाही. रोखतो तो पुरेसा ताण. मूळ गाडीत होता म्हणून दिसायला ठेवा, पण तो आहे म्हणून कमी कसू नका. कॅसल नटची (डोक्यावर खाचा असलेल्या नटची) खाच स्प्लिट पिनच्या भोकासमोर येत नसेल तर पुढे कसा, मागे सोडू नका. अपवाद चाकाच्या बेअरिंगचा, तिथे मागेच घ्यायचा असतो.

कसून झालं की नटपासून चॅसीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत बघा. रेघ तुटली असेल तर नट फिरतोय, म्हणजे आटे किंवा सरकणारा सांधा. रेघ जिथल्या तिथे आहे पण पाना लावल्यावर नट पाव फेरी जातोय, तर रंगाचा थर दबलाय. दोन्हीची दुरुस्ती वेगळी, म्हणून हे आधी कळलेलं बरं.

एवढं करूनही सैल होत असेल

आता बोल्टचा नाद सोडा आणि भोक मोजा. दोन दिशांनी व्हर्निअर लावा, वर-खाली आणि पुढे-मागे. फरक दिसला तर भोक लांबट झालंय आणि त्यात कितीही चांगला बोल्ट सरकणारच. एक तर भोक भरून पुन्हा अचूक पाडायचं, किंवा रीमर फिरवून एक माप वरचा, लांब शँकचा बोल्ट घट्ट बसवायचा. सांध्याची तोंडं पट्टी लावून सपाट आहेत का तेही तपासा. ब्लास्ट करताना पातळ ब्रॅकेट वाकतात, आणि वाकलेला ब्रॅकेट बोल्टने ओढून सरळ केला की सगळा ताण त्यातच खर्च होतो. ब्रॅकेट आधी ठोकून सरळ करा, मग बोल्ट.